सप्टेंबरमधला तबला

चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयातले वर्ष मुदतींवर चालते. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, भरायचा, ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे द्यायची, जुलैअखेर पगारदारांची आयकर विवरणपत्रे, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटचे, म्हणजे करासाठी केलेल्या हिशेबतपासणीचे, अहवाल, ऑक्टोबरअखेर त्याच क्लायंटची विवरणपत्रे आणि डिसेंबरअखेर जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र. मुदत वाढलीच तर ती बहुधा अगदी शेवटच्या दिवसांत वाढते, त्यामुळे वाढीव दिवसांचा आराम कोणाच्याच वाट्याला येत नाही. सांगलीत लहानसे कार्यालय चालवताना मला एवढे नक्की पटले आहे की या व्यवसायात वर्षानुवर्षे टिकून राहायचे तर स्वतःच्या ताकदीचेही नियोजन करावे लागते, आणि ते ऐन हंगामातच करावे लागते.

आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असते, ‘हे ऑडिट एकदा आटपू दे.’ दाताच्या डॉक्टरांकडे जाणे, मैत्रिणीकडे जेवायला जाणे, पेटी शिकणे, चार दिवस कोकणात राहून येणे, हे सगळे त्या वाक्याच्या पलीकडे ढकललेले असते. ऑडिट आटपते तेव्हा दिवाळी आलेली असते, दिवाळीत पाहुणे असतात, मग डिसेंबरची मुदत समोर येते आणि पाहता पाहता मार्चअखेर येऊन ठेपते. विश्रांती हे काम संपल्याचे बक्षीस मानले की ती कधीच मिळत नाही, कारण आमचे काम संपत नाही. फक्त त्याची तारीख बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची नोंद केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले आणि तिच्या तीन बाजू सांगितल्या: शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यातली पहिली बाजू सर्वांना ओळखू येते. दुसरी मात्र ओळखणे अवघड जाते, कारण आमच्या व्यवसायात ती अनुभवाचा आव आणून वावरते. ‘हा माणूस मुद्दामच कागद उशिरा देतो’, ‘या व्यापाऱ्यांना काही समजवण्यात अर्थ नाही’, असे बोलणारा अकाउंटंट स्वतःला मुरलेला समजत असतो, आणि ऐकणारी कार्यालयातली शिकाऊ मुलेही त्याला तसेच समजतात. माझ्या मते ती थकव्याची भाषा आहे. भरपूर झोप झालेल्या दिवशी तोच क्लायंट पिशवीभर चुरगळलेली बिले घेऊन आला तरी त्याच्याशी नीट बोलता येते.

झोपेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्यात आधी कात्री लागते ती तिलाच. हिशेब जुळत नसेल आणि फरकाच्या रकमेला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, हा जुन्या हिशेबनिसांचा आडाखा आहे. ५४ च्या जागी ४५ लिहिले तर फरक ९, ७२० च्या जागी २७० लिहिले तर फरक ४५०. सॉफ्टवेअरमुळे बेरजा चुकत नसल्या तरी बिलावरचा आकडा संगणकात भरणारा माणूसच असतो, आणि असे ९ ने भाग जाणारे फरक आमच्याकडे रात्री उशिरा भरलेल्या नोंदींत जास्त सापडतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले होते की सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला ताळेबंदावर सही करत असेल, तर त्या वेळी त्याने गाडी चालवावी की नाही याचाही विचार करायला हवा. रात्री नवाला येणाऱ्या चहाचीही यात भर पडते, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे आता निद्रातज्ज्ञांमध्ये सर्वमान्य आहे, आणि त्याला सप्टेंबरचा अपवाद कोणी सांगितलेला नाही. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे आडवे होण्यालाही माझी पूर्ण मान्यता आहे. त्यावरून पुणेकरांना हसणाऱ्यांनी वेगळ्या कारणांसाठी हसावे.

मात्र केवळ झोपेने भागत नाही, हेही तितकेच खरे. रविवारी दहा तास झोपून आणि उरलेला दिवस सोफ्यावर मोबाइल पाहत काढूनही सोमवारी सकाळी जीव जड असतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. कामानंतर शक्ती कशी भरून येते, या प्रश्नावर साबिने झोनेंटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे संशोधन करत आहेत. २००७ मध्ये त्यांनी शार्लट फ्रिट्झ यांच्यासह जी मांडणी केली, तिच्यात चार अनुभव वेगळे काढले आहेत: कामापासून मन सुटणे, शरीर-मन सैल होणे, कामाबाहेरच्या एखाद्या गोष्टीत आपण पुढे जात आहोत असे जाणवणे, आणि मोकळ्या वेळात काय करायचे ते स्वतः ठरवता येणे. ही मांडणी वाचल्यावर मला माझ्या तबला शिकण्याचा उलगडा झाला, कारण तोपर्यंत घरच्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांचा प्रश्न रास्त होता: दिवसभर आकडे मोजून दमलेली बाई संध्याकाळी पुन्हा मात्रा मोजायला का जाते?

तबल्याचा वर्ग मिरजेला असतो. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तिथे सतारी आणि तंबोरे घडतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले होते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते. अशा गावात तबला शिकणे ही काही मोठी कामगिरी मानली जात नाही, आणि माझ्यासारखीला ते सोयीचेच आहे.

तीनतालाच्या १६ मात्रा, चार विभाग, पहिल्या मात्रेवर सम आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा. सर आधी पढंत करून घेतात, म्हणजे हाताने टाळी-खाली दाखवत बोल तोंडाने म्हणायचे, आणि ते स्वच्छ झाल्यावरच तबल्याला हात लावायचा. कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची विस्तार करता येणारी रचना, वाजवताना खालीच्या भागात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा थांबतो, ‘धा’च्या जागी ‘ता’ येतो, आणि ठरलेल्या जागी डग्गा परत येतो. लेहरा, म्हणजे तालाच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून, चालू असताना मन क्षणभर जरी एखाद्या नोटिशीकडे गेले तरी सम हुकते, आणि हुकलेली सम कोणापासून लपवता येत नाही. कामापासून मन सुटणे म्हणजे काय, ते मला इथे कळले. ‘कामाचा विचार करू नका’ या सल्ल्याचा मला आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही, कारण विचार न करण्याचा प्रयत्न हाही त्याच कामाचा विचार असतो. मनाला दुसरीकडे पूर्ण गुंतवणारी, आणि गुंतले नाही तर लगेच तोंडघशी पाडणारी, एखादी गोष्ट हाताशी असावी लागते. कार्यालयातल्या मोजण्यात झालेला व्यवहार तपासायचा असतो, तबल्यात पुढची मात्रा यायची असते. त्यामुळे दोन्हीकडे आकडे असले तरी थकवा एकाच जागी साठत नाही.

हा फरक सगळ्या छंदांत मिळेलच असे नाही. माझे एक व्यवसायबंधू मोठ्या उत्साहाने मोडी लिपी शिकू लागले आणि काही महिन्यांतच कंटाळले. मोडी सुंदर आहे आणि ती वाचणाऱ्यांची महाराष्ट्राच्या दप्तरखान्यांना निकडीची गरज आहे. पण दिवसभर पावत्या वाचणाऱ्या डोळ्यांनी रात्री दोनशे वर्षांपूर्वीचे जमाखर्च वाचणे म्हणजे क्लायंट बदलून तेच काम करणे होते. आता ते सकाळी पोहतात. शाळेत शिकवणाऱ्या व्यक्तीला मोडी कदाचित उत्तम लागू पडेल, आणि पोहणे शिकवणाऱ्याला हिशेबसुद्धा. छंदाची निवड करताना आपल्याला काय आवडते याच्या बरोबरीने आपल्यातले काय रोज वापरले जाते आणि काय वर्षानुवर्षे पडून आहे, हे पाहायला हवे, असे मला वाटते.

झोनेंटाग यांच्या यादीतला दुसरा अनुभव, सैल होण्याचा, तबल्यात मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. तासभर मांडी घालून बसल्यावर पाठ बोलू लागते आणि बोटे दुखतात. म्हणून विश्रांती आणि छंद या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. सैल होण्यासाठी मी सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाते आणि त्या वेळात काहीही ऐकत नाही. याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखे काही नाही.

चौथा अनुभव, स्वतः ठरवण्याचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि आपल्याकडे तोच सर्वांत आधी हिरावला जातो. मी तबला शिकते असे कळताच समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘कितव्या परीक्षेला आहात?’ गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची पायऱ्यांची वाट महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे की त्या वाटेबाहेर कोणी शिकत असेल हे लोकांना खरे वाटत नाही. या परीक्षांनी गावोगावच्या मुलांना शिस्तशीर संगीत दिले, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण अर्धे आयुष्य परीक्षा देण्यात आणि उरलेले मुदती पाळण्यात घालवलेल्या माणसाने आपल्या एकमेव मोकळ्या संध्याकाळीही अर्ज, शुल्क आणि निकाल यांना बोलावून आणावे, हे मला पटत नाही. सरांना मी हे स्पष्ट सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘मग रियाज जास्त करावा लागेल, कारण नापास करायला कोणी नाही.’

हाच धोका दुसऱ्या वाटेनेही येतो. कोणी चांगली बिस्किटे भाजू लागले की लगेच ‘ऑर्डर का घेत नाही’ असा आग्रह सुरू होतो. छायाचित्रे काढणाऱ्याला लग्नाची कामे सुचवली जातात. पक्षी पाहणाऱ्याने त्याचे व्हिडिओ टाकावेत असे सगळ्यांना वाटते. ज्यांना जोडधंद्याची गरज आहे त्यांनी तो अवश्य करावा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्या दिवसापासून तो छंद कामाच्या खात्यात गेला, हे ओळखून विरंगुळ्यासाठी दुसरे काहीतरी शोधावे.

यावर एक रास्त आक्षेप असा घेतला जातो की हे सगळे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे चोचले आहेत. मोठ्या पदावरच्या लोकांची उदाहरणे दिली की हा आक्षेप अधिकच बळावतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी श्लोकांत आणले आणि त्यांना बागकामाचीही आवड होती, याचा आमच्या क्षेत्रातल्या माणसाला अभिमान वाटावा हे ठीकच आहे. परंतु दोन बस बदलून कामावर येणाऱ्या कारकुनाला त्या उदाहरणातून फारसे काही मिळत नाही. त्याच्यासाठी मला मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण जास्त जवळचे वाटते. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण जो रविवार गृहीत धरतो तो असा मागून, झगडून मिळालेला आहे. आणि त्या रविवारी, व पाळी सुटल्यावरच्या तासांत, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या त्या माणसांनी भजनी मंडळे चालवली, व्यायामशाळा चालवल्या, कबड्डीचे संघ उभे केले, नाटके बसवली आणि शाहिरी जागवली. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी स्थापन झाला, आणि पुढे राज्यभरच्या कामगार कल्याण केंद्रांतून वाचनालये आणि नाट्यस्पर्धा सुरू राहिल्या, त्यामागे ही आधीची भूक होती. त्या कामगारांपैकी कोणाकडेही फावला वेळ होता असे म्हणता येणार नाही.

त्या खोल्यांमधल्या बायकांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो आजही सुटलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांना दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. पुरुषाची विश्रांती बहुतेक घरांत बाईच्या या मिनिटांवर उभी असते. माझी आई एकादशीच्या भजनाला जाताना ‘आमटी ओट्यावर आहे, भात लावून घ्या’ एवढेच सांगून निघायची आणि परत येईपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही, असा तिचा दंडक होता. त्या काळी आम्हा भावंडांना तो जरा कडक वाटे. आता मी कार्यालयातून परस्पर मिरजेला जाते, तेव्हा घरी भात लावणारा माझा नवरा असतो, आणि त्याच्या शनिवारच्या क्रिकेटच्या वेळी मी असते. ही वाटणी बोलून ठरवावी लागली. समजुतीने आपोआप काही झाले नाही.

आता पुन्हा हंगामाकडे येते, कारण खरी अडचण तिथेच आहे. झोनेंटाग यांनी दाखवलेली एक विसंगती अशी की कामाचा ताण जितका जास्त, तितकी सावरण्याची गरज जास्त असते, आणि नेमकी त्याच वेळी माणसे सावरण्याच्या गोष्टी कमी करतात. थकलेल्या माणसाला कपडे बदलून घराबाहेर पडणेही जड जाते आणि मोबाइल मात्र हाताशी असतो. यावर इच्छाशक्ती हा उपाय चालत नाही, कारण दिवसअखेर तीच संपलेली असते. म्हणून सप्टेंबरमध्ये मी वर्ग बंद ठेवत नाही, लहान करते. बुधवारचा तास अर्ध्यावर येतो, नवा कायदा घेतला जात नाही, जुन्याचेच पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, घोटले जातात, आणि घरी रियाज झाला नाही तरी सर काही बोलत नाहीत. दिवस व वेळ ठरलेली असल्यामुळे जावे की न जावे हा प्रश्नच संध्याकाळी पडत नाही. शिवाय गणपती बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात, आणि आमच्या गल्लीच्या आरतीला तबला कोणी वाजवायचा हे आता ठरून गेले आहे. केहरव्याच्या आठ मात्रांत घाई करणाऱ्या टाळ-झांजांना सांभाळून घेणे हे ऑडिटमध्ये क्लायंटला सांभाळण्यापेक्षा फार वेगळे नाही, पण तिथे शेवटी प्रसाद मिळतो.

कार्यालयात मी दोन नियम केले आहेत. पहिला, रात्री साडेआठनंतर कोणीही नव्या नोंदी भरायच्या नाहीत. फार तर कागद लावून ठेवायचे. अखेरच्या आठवड्यात हा नियम मोडतो, परंतु बाकीचे आठवडे तो पाळला जात असल्याने शेवटच्या आठवड्यात माणसे उभी असतात. दुसरा नियम असा की आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या, प्रत्येक मुलाची आठवड्यातली एक संध्याकाळ त्याची स्वतःची, सहाला सुटायचे, आणि त्या वेळेचे काय केले हे कोणी विचारायचे नाही. हंगामात काम अडेल अशी भीती मला होती. प्रत्यक्षात एवढेच झाले की ज्याचे सहाला सुटणे ठरलेले आहे तो त्या दिवशी दुपारच्या चहाला कमी वेळ लावतो. विचारायचे नाही असे ठरले असूनही मुले आपणहून सांगतातच. एक मुलगी कृष्णेकाठच्या गटाबरोबर पक्षी पाहायला जाते, एकजण तालमीत जातो, आणि सर्वांत हुशार असलेल्या मुलाने आपली संध्याकाळ सरळ घरी जाऊन झोपण्यासाठी मागितली. त्याला बुधवार हवा होता. बुधवारी मी नसते, त्यामुळे कार्यालयात कोणीतरी लागते, म्हणून त्याला गुरुवार घ्यावा लागला.